अर्धवट राहिलेल्या कादंबरीकडे परत कसं यायचं

माझ्या फुलस्केप वहीच्या ९४व्या पानावर आबा बँकेच्या पायऱ्या उतरायला निघाले होते. हातात पासबुक, आत पैशांचं पाकीट. त्या पायरीवर ते अकरा महिने उभे राहिले. रोज वाटायचं, आज उतरवू. मग मार्चअखेर आली, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं, मुलीची दहावी आली. अकरा महिन्यांनी वही उघडली तेव्हा आबांच्या सुनेचं नाव मला आठवेना. मागची पानं चाळून ते शोधावं लागलं.

आबांवरचा माझा जीव तसाच होता. तरीही मी त्यांच्याकडे जात नव्हते, कारण जायचं म्हटलं की आधी ९४ पानं वाचावी लागणार, त्यात एक अख्खी संध्याकाळ जाणार, आणि तशी संध्याकाळ घरात कुणाला मिळते? जितके दिवस जात होते तितकी परतीची वाट लांब होत होती. उत्साह कमी पडला असं मी स्वतःला सांगत राहिले. खरं तर ती वाट आखूड ठेवण्याची काहीच सोय मी केली नव्हती. पुढे जे लिहिलंय ते सगळं या सोयीबद्दल आहे. नोकरी, घर, आजारपणं सांभाळून मराठीत कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी ते आहे.

थांबलंय कशामुळे, ते आधी कागदावर आणा

"लिहावंसंच वाटत नाही" या एका वाक्यात चार वेगवेगळी दुखणी दडलेली असतात आणि चारहींना एकच औषध चालत नाही. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घाला आणि "आज बसले नाही, कारण" एवढं लिहून वाक्य पुरं करा. असं सात दिवस करा. सातव्या दिवशी सगळी कारणं एकदम वाचा.

उशीर झाला, पाठ दुखत होती, डोळे मिटत होते असं निघालं तर तो अंगाचा थकवा आहे. त्यावर झोप हाच उपाय. त्या दिवसांत नवं लिहायचा हट्ट धरू नका, हातकाम करा: लिहिलेली पानं युनिकोडमध्ये टाइप करा, पात्रांची यादी करा, भाजी निवडताना सुचलेला संवाद फोनला सांगून टाइप करून घ्या. मराठी बोलून टाइप करण्याची सोय आता बहुतेक फोनवर आहे आणि कच्च्या मजकुराला ती पुरते.

पुढे काय होणार तेच ठरत नाही, असं निघालं तर गोष्ट अडकली आहे. कपाट आवरलं, ईमेल पाहिले, उद्यावर ढकलता आली असती अशीच कामं यादीत दिसली, तर बहुतेक वेळा ती भीती असते. आणि "कोण वाचणार आहे" हे पुन्हा पुन्हा आलं, तर कुठला तरी नकार किंवा कुणाशी तरी केलेली तुलना आत सलते आहे.

पाचवी शक्यताही मनात ठेवा. लिहिणंच काय, जेवण, माणसं, गाणं, कशातच कित्येक आठवडे मन लागत नसेल, तर तो प्रश्न लेखनाचा नाही. डॉक्टरांशी बोला. वही थांबेल.

आकडा लहान ठेवा

रोजचे २५० शब्द. डेमी म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराच्या छापील पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द बसतात, म्हणजे हे एक पान झालं. आठवड्याचे पाच दिवस धरले तर १,२५०. वर्षाचे ४० आठवडे धरले तर ५०,०००, म्हणजे जवळजवळ दोनशे पानांची कादंबरी. उरलेले १२ आठवडे मी मुद्दाम सोडलेत: गणपती, दिवाळी, लग्नसराई, परीक्षा, पाहुणे आणि दुखणी त्यात बसतात. ज्या वेळापत्रकात गणपतीला जागा नाही ते आपल्याकडे भाद्रपदातच मोडतं.

चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी भरून काढायचा नाही, हा नियम मात्र कडक पाळा. सोमवारचे २५० मंगळवारी चढवले की मंगळवारी ५०० होतात, तेही राहिले की बुधवारी ७५०, आणि गुरुवारी तुम्ही वहीच्या वाटेला जात नाही. सावकाराचं व्याज असंच चढतं. गेलेला दिवस गेला.

उठण्यापूर्वी चिठ्ठी लिहा

या लेखातली एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला. पुढचं वाक्य काय ते माहीत असताना थांबा, आणि ते न लिहिता खाली एक चिठ्ठी लिहून ठेवा. माझी एक चिठ्ठी जशीच्या तशी देते (सुलभा म्हणजे आबांची सून):

"शनिवार. आबा ओसरीवर, चपला अजून पायातच. दुपारचे साडेतीन. पैसे काढल्याचं सुलभाला ठाऊक आहे. ठाऊक नाही असं आबांना वाटतंय. ती चहा आणेल, बशीत दोन बिस्किटं. रोज एकच असतं. पहिलं वाक्य: 'आज दोन का गं?'"

यात तीनच गोष्टी आहेत. माणूस कुठे आणि किती वाजता आहे, कोणाला काय माहीत आहे, आणि उद्याचं पहिलं वाक्य. "आबांच्या मनातली अपराधाची भावना दाखवणे" असं लिहून ठेवलं असतं, तर दुसऱ्या दिवशी ते वाचून माझा हात हलला नसता. पायातल्या चपला दिसल्या की हात हलतो. चिठ्ठीत डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवंच. दोन मिनिटांचं काम आहे, आणि दहा दिवसांनी वही उघडली तरी ९४ पानं वाचावी लागत नाहीत.

कादंबरी असेल तर आणखी एक पान करा. पात्र, वय, कोण कोणाला काय हाक मारतं, कोणाला कोणतं गुपित ठाऊक आहे. मराठीत तिसरा रकाना फार महत्त्वाचा आहे. विसाव्या पानावर "आबा, तुम्ही" म्हणणारी सून एकशेविसाव्या पानावर "मामंजी" म्हणायला लागली, की वाचक अडखळतो. "तू" आणि "तुम्ही" कधी बदलतं, का बदलतं, याची नोंद ठेवा. पात्रं मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलत असतील तर प्रत्येकाची चार-पाच ठरलेली वाक्यं त्याच पानावर लिहा. खंडानंतर परतताना बोली सर्वांत आधी सुटते, आणि पात्राचं बोलणं कानावर पडलं की पात्र लगेच परत येतं.

गोष्ट मध्येच अडकली तर

माझ्या आणि माझ्या लिहित्या मैत्रिणींच्या वह्या पाहिल्या तर बहुतेक कादंबऱ्या एक तृतीयांशापासून अर्ध्यापर्यंतच्या पट्ट्यात थांबल्या आहेत. सुरुवातीला सगळं नवं असतं. पुढे घेतलेला प्रत्येक निर्णय दुसरी दारं बंद करतो. शेवट तर अजून दिसतही नसतो. इथे "माझ्यात दम नाही" असा निष्कर्ष काढून मोकळं होणं सोपं असतं. तो काढू नका, कारण इथे बिघाड बहुधा गोष्टीत असतो, आणि गोष्ट दुरुस्त करता येते.

आधी मागे जा. शेवटचं कोणतं पान तुम्ही रंगून लिहिलं होतं? वाचताना ते हाताला कळतं, अक्षरसुद्धा वेगळं असतं. चुकीचं वळण बहुधा त्याच्या लगेच नंतर असतं. तिथून पुढचा मजकूर काढा, पण फाडू नका. वेगळ्या फाइलीत ठेवा. फेकून दिलं नाही एवढ्या दिलाशावर कात्री चालवणं जमतं.

तरीही सुटलं नाही तर तोच प्रसंग दुसऱ्या पात्राच्या डोळ्यांनी लिहा. हे पुस्तकात जाणार नाही असं ठरवून लिहा, म्हणजे हात मोकळा राहतो. आबा बँकेतून बाहेर पडतात, घरी जातात, सुनेपासून पैसे लपवतात, इतकं मला ठाऊक होतं आणि पुढे सगळं कोरडं होतं. लपवणारा माणूस एकटाच होता, समोर कुणी नव्हतं. मग मी सुलभाच्या बाजूने दोन पानं लिहिली. ती कणीक मळत होती. फोन वाजला. पिठाच्या बोटाने तिने मेसेज उघडला: खात्यातून वीस हजार काढल्याचा. आबांना फोन वापरता येत नाही म्हणून खात्याला सुलभाचाच नंबर जोडलेला होता. आबा घरी पोचायच्या आधीच तिला कळलं होतं. तिने काही विचारायचं नाही असं ठरवलं, आणि बशीत एकाऐवजी दोन बिस्किटं ठेवली.

अकरा महिने न सुटलेली गाठ चाळीस मिनिटांत सुटली. ती दोन पानं कादंबरीत आली नाहीत. मेसेजचा उल्लेखही फार पुढे, एका ओळीत येतो. पण आता लपवणारी दोन माणसं समोरासमोर बसली होती.

तिसरा मार्ग उडी मारण्याचा. ज्या प्रसंगासाठी ही कादंबरी लिहायला घेतली तो आजच लिहा. मधला पूल बांधायचा राहिला म्हणून पैलतीरावरचं घर बांधायला हरकत नसते. कित्येकदा पुढचा प्रसंग झाल्यावर लक्षात येतं की मधल्या वीस पानांची गरजच नव्हती, "तिसऱ्या दिवशी" एवढे दोन शब्द पुरत होते.

ओळखतील, ही भीती

आपल्याकडे ही भीती मोठी आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. काका स्वतःला ओळखतील. गावात कळेल. नवऱ्याला वाटेल, हे आमच्या घरातलंच आहे. बायकांच्या हातातली पेनं या भीतीने जास्त थांबतात, हे मी जवळून पाहिलं आहे.

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा लेखिकेने विभावरी शिरूरकर हे टोपणनाव घेतलं होतं. पुस्तकाने खळबळ उडवली आणि या नावामागे कोण आहे याची मोठी चर्चा झाली. त्या मालतीबाई बेडेकर. टोपणनाव हा मार्ग आजही उघडा आहे. पण त्याआधीचं काम असं: लिहिणं आणि छापणं हे दोन निर्णय वेगळे ठेवा. पहिला खर्डा कुणाला दाखवायचा नाही असं स्वतःशी ठरवा आणि पूर्ण करा. मग बदला. काकांचा धंदा बदला, गाव बदला, दोन माणसांचं एक पात्र करा, पुरुषाची बाई करून पाहा. बदलल्यावर पात्र अनेकदा जास्त जिवंत होतं, कारण खऱ्या माणसाशी इमान राखायचं ओझं उतरतं. छापायचं की नाही ते त्यानंतर ठरवा. पहिल्याच पानावर हा प्रश्न सोडवायला बसलात तर दुसरं पान येणार नाही.

दुसऱ्यांच्या वेगाकडे पाहताना

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' ९ फेब्रुवारी १९३३ ला लिहायला घेतलं आणि १३ तारखेच्या पहाटे हातावेगळं केलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. ऐकून छाती दडपते. पण गुरुजी तेव्हा तेहतीस वर्षांचे होते आणि ती आई त्यांच्या मनात जन्मापासून साठत आली होती. पाच दिवसांचं काम म्हणताना ही वर्षं आपण मोजत नाही.

उलट टोक पाहा. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ची, पुढची 'बिढार' १९७५ची. 'झूल' १९७९ला आली आणि 'हिंदू' २०१०ला. मुखपृष्ठावरच्या सालांवरून माणूस टेबलापाशी किती बसला ते कळत नाही, आणि मधली वर्षं रिकामी होती असंही ठरत नाही.

तुलना करायचीच असेल तर स्वतःच्या नोंदीशी करा. वहीत दर महिन्याच्या शेवटी एक ओळ लिहा: किती दिवस बसले, कोणता प्रसंग झाला. शब्दसंख्येपेक्षा बसण्याचे दिवस मोजा. शब्द किती येतील ते आपल्या हातात नसतं, बसणं बरंचसं हातात असतं.

कुणाला ऐकवायचं

अर्ध्या कादंबरीवर अभिप्राय मागू नका. घरच्यांना तर नाहीच. "छान आहे" म्हटलं तर खोटं वाटतं, आणि जांभई दिली तर महिना जातो. एखादी कथा किंवा एखादं प्रकरण पूर्ण झालं की एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांनी कथाकथनाने सभागृहं भरवली. ऐकण्याची कथा आपल्या रक्तात आहे. मत विचारू नका, ऐकणाऱ्याकडे पाहा. तो कुठे फोनकडे बघतो, कुठे पाण्याचा पेला हातात तसाच धरून ठेवतो. त्या जागांवर पेन्सिलीने खूण करा. काही दिवसांनी फक्त एवढंच विचारा: "त्यातलं काय आठवतंय?"

साभार परत

पूर्वी कथा नाकारली की पाकिटातून "साभार परत" यायची. आता बहुधा काहीच येत नाही, आणि शांतता नकारापेक्षा जास्त पोखरते. म्हणून पाठवण्याची वेगळी वही ठेवा. कथेचं नाव, कुठे पाठवली, तारीख, कधीपर्यंत थांबायचं, नंतर कुठे पाठवायची. शेवटचा रकाना पाठवण्याच्या दिवशीच भरा. नकार आला किंवा मुदत संपली की विचार करत बसायचं नाही, वहीत लिहिलेल्या पुढच्या पत्त्यावर कथा जाईल. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांकडे पाठवू नका. दोघांनी छापली तर दोन्ही संपादकांचा विश्वास जातो.

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी कथेचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं. अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिसत असले तरी बहुतेक संपादकांना मजकूर पावसाळ्याच्या पहिल्या अर्ध्यात हातात हवा असतो. सप्टेंबरात पाठवलेली कथा परत आली तर दोष कथेचा नसेलही, तोवर पानं लागलेली असतात. अंकातली कथा साधारण तीन ते पाच हजार शब्दांची धरली आणि रोजचे २५० धरले तर खर्ड्याला महिना लागतो. तितकाच वेळ पुनर्लेखनाला द्या. म्हणजे मार्चअखेर उरकली की एप्रिलमध्ये बसायचं.

नकार आला की दोन दिवस कथा उघडू नका. तिसऱ्या दिवशी वाचा. संपादकाने एखादी जागा दाखवून लिहिलं असेल, तर त्याने वेळ दिला आहे. ती जागा नीट पाहा, सुधारा, आणि पुढच्या वर्षी त्यालाच दुसरी कथा पाठवा. नुसतं "योग्य वाटली नाही" असेल तर त्यात शोधण्यासारखं काही नाही. पहिलं पुस्तक तयार असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची माहिती काढा. पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठीच ती आहे.

मोठ्या खंडानंतरचा आठवडा

एवढं करूनही खंड पडतो. तीन महिने, वर्ष. तेव्हा परत येण्यासाठी मी एक आठवडा वेगळा काढते, रोज पाऊण तास.

रविवारी वही फक्त बाहेर काढायची. टेबलावर, चहाच्या कपाशेजारी, दिसेल अशी. मागच्या चिठ्ठ्या असतील तर त्या वाचायच्या. सोमवारी आणि मंगळवारी लिहिलेलं सगळं वाचायचं, हातात पेन न घेता. हे अवघड जातं, दर पानावर काहीतरी टोचतं. पण दुरुस्त्या करत वाचलं तर दहाव्या पानाच्या पुढे जाणं होत नाही. बुधवारी न बघता एका पानावर गोष्ट सांगायची: कोण, कोणाला काय हवंय, आडवं काय येतंय. जे आठवलं नाही ते बहुधा कादंबरीतही सैल आहे. गुरुवारी हाका आणि गुपितांचं पान नव्याने करायचं. शुक्रवारी दुसऱ्या पात्राच्या डोळ्यांचा प्रसंग, पुस्तकात न जाणारा. शनिवारी २५० शब्द, जिथे थांबलो तिथूनच.

त्या वर्षी जूनच्या एका शुक्रवारी सुलभाच्या फोनवर मेसेज आला. शनिवारी दुपारी पाऊस होता, वीज गेलेली, मी खिडकीपाशी बसले होते. आबा पायऱ्या उतरले, घरी आले, चपला न काढता ओसरीवर टेकले. आतून कपबशीचा आवाज आला. मी तिथेच थांबले आणि चिठ्ठी लिहिली.